पाठलागाचा बंदोबस्त

कुत्रा आणि मांजर यांचे वैर हा विषय दुरून पाहणाऱ्याला विनोदी वाटतो. परंतु ज्या घरात वर्षाच्या आतला, अंगात वारे भरलेला कुत्रा आणि त्याच्या कितीतरी आधीपासून चुलीजवळची जागा वहिवाटीने आपली मानणारे मांजर एका छपराखाली येतात, त्या घरातील मंडळींना त्यात विनोदाचा अंश फारसा सापडत नाही. रत्नागिरीत तर हा प्रश्न अधिकच बिकट होतो. घरापुढे खळे, मागीलदारी आगर, आगराला जांभ्याचा गडगा आणि त्या गडग्यावर ऊन खात बसलेले कोणाचे ना कोणाचे मांजर, ही इथली रचना पिढ्यान्‌पिढ्यांची. आणि मिरकरवाड्याच्या बाजूला पाय वळले, की मासळीच्या वासाने गोळा झालेली मांजरे पावलोपावली आडवी येतात. अशा गावात मांजर दृष्टीस न पडता कुत्र्याचा एक दिवस जाणे कठीण.

पुढील संवादातील अण्णा हे न्यायालयातून शिरस्तेदार म्हणून निवृत्त झालेले गृहस्थ असून घरची हापूसची कलमे राखून आहेत; डॉक्टर ही त्यांची पुतणी, परळच्या पशुवैद्यक महाविद्यालयात शिकलेली. आंबा घाट उतरून आलेला दहा महिन्यांचा कारवानी जातीचा कुत्रा हा वादाचा विषय, आणि घरचे जुने मांजर हे फिर्यादी. अण्णा आणि डॉक्टर यांच्या मतांत अंतर मोठे असल्यामुळे त्यांची कैफियत त्यांच्याच तोंडून ऐकणे इष्ट.

अण्णा : बाय, तू शिकलेली आहेस, तुझ्या विद्येचा मला अभिमानही आहे, पण कुत्र्याने मांजराच्या मागे धावणे हा अपराध आहे असे धरून तू ज्या उपाययोजना सुचवतेस, त्यांच्या मुळाशीच मला शंका आहे. पाणिनीसारख्या वैयाकरणाने ज्यांचे वैर शाश्वत आहे अशा प्राण्यांच्या जोड्यांसाठी समासाचा स्वतंत्र नियम घालून दिला, आणि पुढच्या टीकाकारांनी त्याची उदाहरणे म्हणून मांजर आणि उंदीर, साप आणि मुंगूस या जोड्या दिल्या. कुत्रा-मांजर ही जोडी त्याच पंक्तीत बसणारी. जे वैर इतक्या प्राचीन काळी शास्त्रात नोंदले गेले, ते तुझ्या चार महिन्यांच्या शिकवणीने निकालात निघेल, असे तुला खरोखर वाटते काय?

डॉक्टर : अण्णा, तुम्ही उदाहरण फार चांगले निवडलेत, कारण त्याच मांजर-उंदीर जोडीची प्रत्यक्ष परीक्षा झिंग-यांग कुओ या चिनी शास्त्रज्ञाने घेतली आणि १९३० साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांनी मांजराची पिले तीन प्रकारांनी वाढवली. आई उंदीर मारताना रोज पाहत वाढलेल्या २१ पिलांपैकी १८ पिले पुढे उंदीर मारू लागली. एकटी ठेवलेल्या २० पैकी ९ मारू लागली. आणि ज्यांना अगदी लहानपणापासून उंदराच्याच संगतीत ठेवले होते अशा १८ पैकी केवळ ३. वैर रक्तात असते हे मला मान्य आहे. पण किती उसळावे आणि किती निजून राहावे हे संगती ठरवते, एवढे तरी या आकड्यांवरून मानावे लागते.

अण्णा : आकडे ऐकले, आता उलटतपासणी. ज्या तिघांनी मारले, त्यांनी कोणाला मारले? सोबत वाढलेल्या उंदराला, की परक्याला?

डॉक्टर : परक्याला. पिंजऱ्यातल्या सोबत्याला त्यांनी धक्का लावला नाही.

अण्णा : मग तुझाच साक्षीदार माझ्या बाजूचा झाला की! घरातल्याशी सलोखा आणि परक्याशी युद्ध, हाच प्राणिमात्राचा शिरस्ता ठरला. त्यातून आमचा कुत्रा घरी आला तो सात महिन्यांचा होऊन. मांजराच्या संगतीत डोळे उघडण्याचे त्याचे वय केव्हाच मागे पडले होते. म्हणजे तुझ्या परीक्षेचा लाभ त्याला घरातही नाही आणि बाहेरही नाही.

डॉक्टर : तुमच्या उलटतपासणीतून दोन गोष्टी सिद्ध झाल्या, आणि दोन्ही मला कबूल आहेत. पहिली वयाची. अमेरिकेत स्कॉट आणि फुलर या दोघांनी अनेक वर्षे कुत्र्यांची पिले वाढवून १९६५ साली जो ग्रंथ लिहिला, त्यात पिलाच्या आयुष्यातील तिसऱ्या आठवड्यापासून साधारण बाराव्या आठवड्यापर्यंतचा काळ हा आप्त कोण आणि परका कोण हे ठरण्याचा काळ म्हणून दाखवला आहे. तो काळ आपल्या हातून गेला आहे. म्हणून या दोघांत मैत्री होईल असा दावा मी कधीच केला नाही. माझी मागणी सहिष्णुतेची आहे : एकाने दुसऱ्याच्या अस्तित्वाकडे दुर्लक्ष करावे, इतकीच. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. घरातले मांजर आणि गडग्यावरचे मांजर हे कुत्र्याच्या लेखी एकच नव्हेत. घरच्या मांजराजवळ निवांत झोपणारा कुत्रा बाहेरच्या मांजरामागे बेभान धावतो आणि मंडळी आश्चर्य करतात. त्यात आश्चर्य काहीच नाही. म्हणून घरचा बंदोबस्त वेगळा आणि बाहेरचा वेगळा, असे दोन दावे स्वतंत्रपणे चालवले पाहिजेत.

अण्णा : दावे वेगळे करण्यास हरकत नाही. पण त्याआधी जातीचा मुद्दा निकालात काढ. हा कुत्रा कारवानी, मुधोळच्या घराण्याशी नाते सांगणारा. मुधोळच्या मालोजीराव घोरपड्यांनी ही जात नावारूपास आणली, पाचव्या जॉर्ज बादशहाला या जातीचे कुत्रे नजर केले. २००५ साली टपाल खात्याने मुधोळच्या कुत्र्याचे तिकीट काढले. माळरानावर सशाला दौडीत गाठावे म्हणून ज्याचे पूर्वज निवडून निवडून वाढवले गेले, त्याला तू धावू नको म्हणणार! सशाची शिकार १९७२ च्या वन्यजीव कायद्याने बंद झाली, हे मला ठाऊक आहे; पण कायद्याने शिकार बंद होते, कुत्र्याचे पाय बंद होत नाहीत. शिवाय मी त्याला आणला तो कलमांवर येणाऱ्या वानरांसाठी. मांजर सोडायला शिकवलेस आणि त्याबरोबर त्याने वानरही सोडले, तर ऐन हंगामात माझे नुकसान कोण भरून देणार?

डॉक्टर : जातीविषयी तुम्ही म्हणता ते सर्व खरे आहे, आणि म्हणूनच माझे काम कठीण आहे. शिकारी प्राण्याची शिकार ही एक अखंड क्रिया नसून अनेक क्रियांची साखळी असते : आधी चाहूल लागून मान वळते, मग टक लागते, मग दबकत पुढे सरकणे, मग धाव, मग पकड आणि शेवटी वध. रेमंड कॉपिंजर या अभ्यासकाने कुत्र्यांच्या जातींचा भेद याच साखळीवरून समजावून दिला आहे. मेंढ्या वळवणाऱ्या विलायती कुत्र्यात टक लावण्याची कडी माणसाने बळकट केली आणि चावण्याची दुर्बळ केली. दौडीच्या कुत्र्यात दिसले की धावायचे ही कडी इतकी बळकट केली, की मधल्या कड्या जवळजवळ उरल्याच नाहीत. ही साखळी पुसून टाकणे कोणाच्याही हातचे नाही. परंतु ती पहिल्या कडीपाशी, म्हणजे मान वळून टक लागत असतानाच थांबवता येते. धाव सुरू झाल्यावर तुम्ही गळा फोडून हाका मारल्यात तरी त्या त्याच्या कानांत शिरतात, मनात शिरत नाहीत. राहिला वानरांचा प्रश्न. तुमच्या शब्दावर सुटणारा आणि तुमच्या शब्दावर थांबणारा कुत्रा बागेला उपयोगी. स्वतःच्या लहरीवर सुटणारा कुत्रा आज वानरामागे, उद्या मांजरामागे आणि परवा शेजाऱ्याच्या कोंबडीमागे जाईल. आणि वानरांच्या टोळीशी एकटा भिडलेला कुत्रा मी टाके घालण्यासाठी टेबलावर घेतलेला आहे. वानराचे सुळे कुत्र्यापेक्षा लहान नसतात. त्याने गडग्याच्या आतून भुंकावे, एवढ्यावर राखण झाली असे समजा.

अण्णा : पहिल्या कडीपाशी थांबवायचे, हे ऐकायला सुबक आहे. आमच्या लहानपणी ते फार थोडक्यात होत असे. मांजराकडे झेपावला की पाठीत एक काठी बसे, आणि दोन-तीन वेळा बसली की कुत्रा मांजर दिसताच शेपूट घालून बाजूला होई.

डॉक्टर : शेपूट घालून बाजूला होणारे तुमच्या स्मरणात राहिले, जे झाले नाहीत, त्यांची हकीकत कोणी सांगत नाही. पाव्हलॉव्हने कुत्र्यांवरच केलेल्या प्रयोगांपासून एवढे निश्चित झाले आहे, की दोन गोष्टी वारंवार एकापाठोपाठ घडल्या म्हणजे पहिली दिसताच कुत्र्याचे शरीर दुसरीची तयारी करू लागते. मांजर दिसले आणि काठी बसली, असे चार वेळा झाले, की मांजर हे त्याच्या लेखी वेदनेची वर्दी देणारे चिन्ह होते. काहींच्या बाबतीत त्यातून भय उपजते, काहींच्या बाबतीत द्वेष; आणि कोणाच्या पोटात काय उपजेल हे आधी सांगता येत नाही. त्याहून वाईट म्हणजे मार खाणारा कुत्रा गुरगुरणे सोडतो, आणि इशारा न देता चावणारा कुत्रा हा सर्वांत धोक्याचा. काटेरी पट्टे आणि विजेचे पट्टे यांचा निकाल मी याच कलमाखाली लावते.

अण्णा : ठीक. काठी रद्द. मग साखळी आहे. मागीलदारी माडाला बांधून ठेवला, म्हणजे मांजर सुरक्षित, कुत्रा सुरक्षित, आणि तुझ्या शास्त्रालाही विश्रांती.

डॉक्टर : ज्यांनी सारा जन्म कायद्याची दप्तरे हाताळली, त्यांच्या तोंडी हा उपाय शोभत नाही. १९६० चा प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा, कलम ११.

अण्णा : पाठ आहे. अवाजवी आखूड किंवा जड साखळीने अवाजवी काळ बांधून ठेवणे हा अपराध. आणि नेहमी बांधलेल्या किंवा कोंडलेल्या कुत्र्याला पुरेसे फिरवून न आणणे हा धन्याचा आणखी स्वतंत्र अपराध. कायदे करणाऱ्यांनी त्या उपकलमात कुत्र्याचे नाव घेऊन तरतूद केली, याचे मला नोकरीत असतानाही कौतुक वाटे.

डॉक्टर : मग तुमच्याच तोंडून हुकूम झाला. कायदा बाजूला ठेवला तरी साखळीने प्रश्न वाढतो. माडाला बांधलेला कुत्रा गडग्यावरचे मांजर दिवसभर पाहतो, हिसके देतो, पोहोचत नाही. दबलेली ओढ रोज थोडी अधिक ताणली जाते, आणि ज्या दिवशी कडी निसटते त्या दिवशी सर्व थकबाकी एकदम वसूल होते.

अण्णा : खंडन पुष्कळ झाले. आता घरापुरती व्यवस्था कलमवार सांग. मी अंमलबजावणीच्या दृष्टीने तपासतो.

डॉक्टर : पहिले कलम मांजराच्या बाजूने. कुत्र्याला शिकवण्याआधी मांजराला निसटण्याची वाट द्यावी. आपल्या घरात ती जवळजवळ तयारच आहे : माळा आहे, फडताळावर जागा आहे, उंच कोनाडे आहेत. मांजराला ओटीपासून स्वयंपाकघरापर्यंत जमिनीला पाय न लावता जाता येईल अशा दोन-चार फळ्या भिंतीला ठोकाव्यात. कोपऱ्यात सापडलेले मांजर पळत नाही, ते तोंडावर पंजा मारते. आणि त्या पंजाने कुत्र्याच्या डोळ्याच्या बाहुलीवरचा पडदा फाटलेला मी पाहिला आहे. मांजराच्या दाताची जखमही वरून सुईच्या टोकाएवढी दिसते आणि आत गळू धरते. तेव्हा ही फळी कुत्र्याच्याही रक्षणासाठी आहे. मांजराची ताटली उंचावर आणि त्याची वाळूची पेटी कुत्र्याचे तोंड जाणार नाही अशा जागी ठेवावी, हेही त्याच कलमात.

दुसरे कलम ताटातुटीचे. मधल्या दाराला कमरेइतक्या उंचीची जाळीची झडप बसवावी. पहिले काही दिवस दोघांनी एकमेकांना पाहूच नये. मांजराच्या अंगावरून फिरवलेले फडके कुत्र्याच्या बिछान्याजवळ आणि कुत्र्याचे मांजराजवळ ठेवून आधी वासाची ओळख होऊ द्यावी. मग बंद दाराच्या दोन बाजूंना दोघांना एकाच वेळी खायला घालावे. मग जाळीतून दर्शन. मग कुत्रा दोरावर, मांजर मोकळे, आणि दोघांत खोलीची पूर्ण लांबी.

तिसरे कलम शिकवणीचे, आणि सर्व काही त्यावर अवलंबून आहे. कुत्र्याने मांजराकडे पाहिले आणि त्याची टक लागण्याआधीच तुम्ही हलकेच नाव घेतलेत, त्याने मान वळवून तुमच्याकडे पाहिले, की त्याच क्षणी उकडलेल्या कोंबडीचा लहानसा तुकडा. पुन्हा पाहिले, पुन्हा वळला, पुन्हा तुकडा. मांजर दिसणे हे धन्याकडे पाहण्याचे निमित्त व्हावे, इतपत हा क्रम रुजला पाहिजे. कान पुढे ताठ, तोंड मिटलेले, अंग दगडासारखे आणि नाव घेतले तरी कानाची पाळीही हलत नाही, अशी अवस्था दिसली, की शिकवणीची वेळ टळली असे समजावे. रागावू नये, दोर धरून मुकाट्याने दूर न्यावे आणि पुढच्या खेपेला अंतर वाढवावे. अंतर कमी करण्याची घाई हेच अपयशाचे मुख्य कारण. ही आठवड्यांची, कित्येकदा महिन्यांची बाब आहे.

अण्णा : कोंबडीच्या तुकड्यावर माझी हरकत नोंदव. कर्तव्य करण्यासाठी दरवेळी काही हातावर ठेवावे लागते, त्याला आमच्या खात्यात लाच म्हणत.

डॉक्टर : लाच काम होण्याआधी दाखवतात आणि ती नियमाविरुद्ध काम व्हावे म्हणून असते. इथे काम आधी होते आणि मोबदला मागून मिळतो. त्याला तुमच्याच खात्यात वेतन म्हणत. उलट एक गोष्ट ध्यानात घ्या, की पाठलाग हा कुत्र्याला फुकट मिळणारा मोबदला आहे. मांजर हाती लागो वा न लागो, धावण्यातच त्याला सारा आनंद मिळतो, आणि प्रत्येक पाठलाग पुढच्या पाठलागाची शिकवणी ठरतो. म्हणून शिकवणीच्या काळात एकही पाठलाग घडू न देणे हे निम्मे काम आहे. रात्री, आणि घरात कोणी नसताना, दोघांच्या मध्ये बंद दार असलेच पाहिजे. त्यात सवलत नाही.

अण्णा : अंमलबजावणीतली खरी अडचण आता मी सांगतो. हुकूम एकाचा आणि घरात माणसे सात. तू तुकडा देऊन मान वळवायला शिकवशील, आणि सुट्टीत आलेली नातवंडे गडग्यावर मांजर दिसले की टाळ्या वाजवून छू करतील.

डॉक्टर : तोच खरा धोका. करमणुकीसाठी एका प्राण्याला दुसऱ्यावर घालणे हेही त्याच कलम ११ खाली येते, हे मुलांना तुम्ही सांगा. तुमच्या तोंडून ते अधिक वजनदार वाटेल. आणि मुलांच्या उत्साहाला दुसरे काम द्या. काठीला दोर आणि दोराला चिंधी बांधून ती खळ्यात फिरवली, की कुत्र्याची धावण्याची भूक तिच्यामागे भागते. मात्र धावण्याआधी बसणे आणि म्हणताच सोडणे, या दोन अटींवर. गवतात, पाल्यापाचोळ्यात खाऊचे तुकडे लपवून ते वासाने शोधायला लावले, तर तेवढ्यानेही तरणा कुत्रा निवतो. ज्याच्या दिवसात काम नाही, त्याच्या डोक्यात मांजराशिवाय दुसरे काय येणार?

अण्णा : घराचा दावा इथे थांबवू. बाहेरचे काय? पहाटे मी त्याला घेऊन निघतो. मिरकरवाड्याकडे बोटी लागलेल्या असतात, आणि तिथे मांजरे इतकी, की तुझे अंतर ठेवण्याचे कलम मोडण्यावाचून गत्यंतर नाही.

डॉक्टर : मग तिकडे जाऊच नये. शिकवणी पक्की होईपर्यंत थिबा राजवाड्याच्या बाजूचा चढ आहे, भाट्याची पुळण आहे. जिथे दूरवर दिसते आणि मांजर अवचित पायात येत नाही अशा वाटा निवडाव्यात. पावसाळ्यात १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत मासेमारी बंद असते, तेव्हा बंदरावरची मांजरे वस्तीत अधिक फिरतात, हे घरच्या बायका तुम्हाला सांगतील. तेव्हा गल्लीबोळांतून जास्त सावध राहावे. दोर दहा-पंधरा हातांचा असावा, पण तो गळपट्ट्याला न बांधता छातीपट्ट्याला बांधावा; या जातीचा कुत्रा दोन झेपांत पूर्ण वेग घेतो, आणि त्या वेगात दोराचे टोक आले तर मानेला इजा होते. त्याच कारणासाठी मांजराचा संभव असेल तिथे दोर आखडून हातभराचा करावा. मांजर दिसताच ‘चल’ म्हणून पाठ फिरवून उलट दिशेने निघण्याचा सराव मांजर नसताना शंभरदा करावा, म्हणजे मांजर असताना एकदा उपयोगी पडतो. आणि शिकवणीच्या काळात, जिथे अंतर राखणे अशक्य आहे तिथे, तोंडाला मुसके घालावे.

अण्णा : मुसके! बैलाच्या तोंडाला मळणीत घालतात ते? लोक म्हणतील, अण्णांचा कुत्रा माणसे खातो.

डॉक्टर : लोक चार दिवस म्हणतील. जाळीचे, आत तोंड पूर्ण उघडून धापा टाकता येतील असे मुसके घ्यावे. कुत्र्याच्या अंगातला ताप मुख्यतः धापेवाटे बाहेर पडतो, आणि आपल्या दमट उकाड्यात तोंड आवळून बांधणारी पट्टी त्याचा जीव घेईल. घरी आत खाऊ ठेवून त्याची सवय आधी लावली, की तो आपणहून नाक घालतो. मुसक्याने पाठलागाची इच्छा कमी होत नाही. पण आपली एखादी चूक मांजराच्या जिवावर बेतत नाही.

अण्णा : या ठिकाणी माझ्या अनुभवातले एक कलम मीच तुझ्या बाजूने घालतो. मारुती मंदिराच्या चौकात मांजरामागे सुटलेला कुत्रा दुचाकीखाली आला, की दुचाकीवरचा माणूसही पडतो. जनावरापासून माणसाच्या जिवाला धोका होऊ नये म्हणून धन्याने योग्य खबरदारी न घेतल्यास पूर्वी दंड विधानाचे कलम २८९ होते. १ जुलै २०२४ पासून न्याय संहितेचे कलम २९१ आहे. तिथे कुत्र्याची जात किंवा पाणिनीचा आधार चालत नाही.

डॉक्टर : आणि तिन्हीसांजेला आगरात मांजरामागे सुटलेल्या कुत्र्यावर आपल्या जिल्ह्यात बिबट्याची नजर असते. अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात, उसाच्या मुलखात राहणाऱ्या बिबट्यांच्या आहाराचा विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अभ्यास केला, तेव्हा त्यांच्या भक्ष्यात पहिला क्रमांक पाळीव आणि भटक्या कुत्र्यांचा निघाला, आणि दुसरा मांजरांचा.

अण्णा : म्हणजे दोघांचे भांडण जिथे मिटते ती जागा एकच! बरे. आता माझी शेवटची तक्रार, आणि ती गंभीर आहे. सर्व बंधने कुत्र्यावर. दोर त्याला, मुसके त्याला, झडप त्याला. शेजाऱ्याचे मांजर माझ्या गडग्यावर येऊन बसते, माझ्या छपरावरून फिरते, माझ्या मागीलदारी बांगडा पळवते, आणि त्याच्या धन्याला कोणतीही हजेरी नाही, कोणताही मुचलका नाही. हा कसला न्याय?

डॉक्टर : या तक्रारीला माझ्याजवळ पुरते उत्तर नाही, कारण ती बरीचशी रास्त आहे. मांजर पाळणाऱ्याने त्याची नसबंदी करून घ्यावी, लस टोचावी, त्याला घरी पोटभर घालावे आणि निदान रात्री तरी आत ठेवावे, असे मी प्रत्येकाला सांगते, आणि दहांपैकी नऊ जण मांजर का कोंडून राहते म्हणून हसतात. परंतु ज्याच्या हाती बळकट प्राणी आहे त्याच्यावर अधिक भार पडतो. मांजर तुमचा बांगडा नेते. तुमचा कुत्रा त्याचा प्राण नेऊ शकतो. शिवाय मांजराची नोकरीही विसरू नका. पावसाळ्यात उंदरांच्या मुतातून पसरणारा लेप्टोचा ताप कोकणाला नवा नाही. भाताच्या कणगीजवळ रात्री जागणारे मांजर आणि कलमांजवळ जागणारा कुत्रा दोघेही एकाच घराचे चाकर आहेत.

अण्णा : आणि एवढे सर्व करूनही नाही जमले तर? तुम्हा शास्त्र जाणणाऱ्या मंडळींना हा प्रश्न आवडत नाही असे दिसते.

डॉक्टर : आवडत नाही, पण उत्तर आहे. काही कुत्र्यांचे नाही जमत. जाळीआड मांजर दिसले की ज्याचे खाणेपिणे सुटते, जो तासन्‌तास दाराशी टक लावून थरथरतो, ज्याने एकदा मांजर मारले आहे, अशा कुत्र्याला त्याच घरात मांजराबरोबर मोकळे सोडण्याचा हट्ट मी धरणार नाही. तिथे जन्मभर बंद दार, किंवा मांजर नसलेले चांगले घर शोधून देणे. त्यात कुत्र्याचा दोष नाही आणि शिकवणाऱ्याची अप्रतिष्ठाही नाही. तुम्ही आरंभी म्हणालात की काही वैरे शाश्वत असतात. काही कुत्र्यांपुरते ते मी मान्य करते. कोणत्या कुत्र्यापुरते, हे मात्र प्रामाणिक प्रयत्नानंतरच ठरवायचे.

अण्णा : तर मग फैसला लिहून घे. पाठलागाची ओढ हा कुत्र्याचा स्वभाव असल्याने त्याबद्दल त्यास शिक्षा नाही. काठी, काटेरी पट्टा आणि कायमची साखळी यांस मनाई. घरात मांजराची उंचावरची वहिवाट कायम. मधल्या दारास झडप. शिकवणी रोज, मोबदला काम झाल्यावर, आणि कोंबडीच्या तुकड्यावरील माझी हरकत नामंजूर. बाहेर छातीपट्टा आणि दोर, मिरकरवाड्यास मनाई, गरजेपुरते मुसके. मुलांनी छू केल्यास त्यांचा खाऊ जप्त. शेजाऱ्याच्या मांजराबाबत शेजाऱ्याशी मी स्वतः बोलेन, कारण ते काम डॉक्टरांचे नव्हे. मुदत सहा महिने, त्यानंतर फेरतपासणी. खर्च ज्याचा त्याने सोसावा.

डॉक्टर : एक दुरुस्ती. खर्च धन्याने सोसावा. या सर्व प्रकरणात कुत्रा किंवा मांजर यांनी कोणताही करार केलेला नाही. दोघांना एका छपराखाली आणण्याचा निर्णय माणसाचा.

अण्णा : दुरुस्ती मंजूर.

या संवादात कोणाचा पूर्ण विजय झाला असे म्हणता येणार नाही, आणि तसे म्हणण्याची गरजही नाही. स्वभाव बदलत नाही, हे अण्णांचे म्हणणे अखेरपर्यंत उभे राहिले. स्वभावाला वळण देता येते आणि ते देण्याचे काम धन्याचे आहे, हे डॉक्टरांचे म्हणणेही उभे राहिले. मांजरामागे धावणाऱ्या कुत्र्याला द्वाड म्हणून मोकळे होणारे लोक यांतले दुसरे म्हणणे विसरतात, आणि प्रेमाने सर्व काही साधते असे मानणारे पहिले. ज्यांच्या घरी तरणा कुत्रा आहे त्यांना एवढीच विनंती, की दोर हाती घेतल्यावाचून फाटक उघडू नये, आणि घरच्या कुत्र्याबरोबर घरच्या मांजरालाही पिसाळ रोगाची लस वर्षाच्या वर्षी टोचून घ्यावी. कारण हा रोग मांजराच्या दातांतूनही माणसापर्यंत पोहोचतो.